तांदळात लिहिलेला उंदीर

२२ ऑगस्ट
कार्टून तयार. गणपतीत शनिवारी सोसायटीच्या मांडवात दाखवणार. उंदीरमामा ओल्या-सुक्या कचऱ्यावर भाषण करतो. आवाज माझाच. सेक्रेटरी गुणवंतभाईंकडून भजनी मंडळाची सातची वेळ मी काढून घेतली. मंडळ बायकोचं, मिनलचं. ती काही बोलली नाही, म्हणजे तिला अभिमान वाटलाय.
आता फक्त आवाज आत टाकायचा. दहा मिनिटांचं काम.

२३ ऑगस्ट
सॉफ्टवेअर आवाजाची फाइल घेत नाही. फॉरमॅट चालत नाही म्हणतं. परदेशी आहे, मराठी कळत नसणार. सगळं भाषण हिंदीत रेकॉर्ड केलं. तेही घेईना.
चहासाठी मिनलला तीन हाका. ओ नाही. कान दाखवायला हवेत. (मिनल हे मी लग्नात ठेवलेलं नाव. सोसायटी अजून माहेरचं उर्मिलाच म्हणते. लोकांना शिस्त नाही.)

२४ ऑगस्ट
आवाज शुद्ध हवा म्हणून शहराबाहेर चेणे गावी झाडाखाली बसून रेकॉर्डिंग. कुत्री भुंकली. फाइल चढली नाही, पण हवा चांगली होती.

२५ ऑगस्ट
इंटरनेटवर सापडलं. वेव्ह फाइल लागते. एवढंच होय! फाइलच्या नावाचं शेपूट खोडलं, 'डॉट वेव्ह' लिहिलं. झाली वेव्ह.
चढली नाही.

२६ ऑगस्ट
'उंदीर फायनल डॉट वेव्ह'. मग 'उंदीर फायनल खरंच'. नाही.
मिनल मोदकांच्या ऑर्डरचं रील करता करता म्हणाली, अहो, फाइल कन्व्हर्ट करावी लागते, नुसतं नाव बदलून काय होतंय? माझं नाही का बदललंत? विषय काय, ही बोलते काय. पण त्यावरून मला एक सुचलं.

२७ ऑगस्ट
गणपती बसले. चूक सापडली. नाव विधिवत बदललंच नव्हतं! लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने 'मिनल' लिहिलं, ते कायमचं बसलं. तसंच आज 'उंदीर डॉट वेव्ह' लिहिलं. लॅपटॉपला हळदकुंकू वाहिलं.

२८ ऑगस्ट
मिनलने ते तांदूळ भाताला घेतले. फाइल चढणार कशी? आमटीबरोबर मीच ती दोनदा वाढून घेतली.

३० ऑगस्ट, संध्याकाळी
मांडव भरलेला. पडद्यावर उंदीर तोंड हलवतोय, आवाज नाही. गुणवंतभाई माइकवरूनच म्हणाले, अरे भाईसाब, चूहा गूंगा है क्या? सगळे हसले. मला रडू यायचं बाकी होतं. मिनलला चार हाका मारल्या. ती पाठमोरी, बायकांत बसलेली. शेवटी ओरडलो, उर्मिला! लगेच ओ आली. लॅपटॉप काखेत मारून म्हणाली, आधी आमचं भजन, मग तुमचा उंदीर.

३१ ऑगस्ट
भजनाला वन्स मोअर मिळाला. ते संपेपर्यंत पब्लिक जेवायला गेली. फाइल तिने घरी चहा उकळेपर्यंत कन्व्हर्ट केली. उंदीर आता सुंदर बोलतो. मी एकट्यानेच ऐकला.
एक चांगली गोष्ट झाली. मिनलचे कान आपोआप सुधारले. सकाळपासून उर्मिला म्हणून हाक मारतोय, पहिल्याच हाकेला ओ देते. डॉक्टरांची अपॉइंटमेंट रद्द केली.