निळ्या झाकणाचा डबा

३ जून
नोकरी मिळाली, राहायला वरच्या मजल्यावर दोन खोल्या आणि जेवण फुकट! देव पावला. एक खोली मला, एक धाकट्या बहिणीला. काम उंदरांचं. खाली सरांच्या प्रयोगशाळेत पिंजऱ्यांच्या रांगा आहेत. निळी चिठ्ठी असलेल्यांना लोणी-साखरेचं खाणं, पांढरीवाल्यांना साधं. निळ्यांच्या यकृतावर चरबी चढली की सर ते कापून बघतात. आमचे डबेही सरांच्या घरून येतात. माझा निळ्या झाकणाचा, तळलेलं नि गोडधोड, बोटं चाटत बसावं असा. धाकटीच्या पांढऱ्या डब्यात उकडलेल्या भाज्या. तिला भरपूर चिडवलं.

१९ जून
आज माती खाल्ली. पांढऱ्या पिंजऱ्यात निळं खाणं टाकलं. सर जराही रागावले नाहीत. म्हणाले, खाणं बदललं की पिंजरा बाद, ते उंदीर आता कशाच्याच उपयोगाचे नाहीत. पिंजरा पेटीत ठेवून त्यांनी वायूची नळी सोडली. थोडा वेळ सूं सूं आवाज आला. मला पेटी पुसायला सांगून ते चहाला गेले.

१४ जुलै
पँटचं बटण लागत नाही. दर सोमवारी सर आम्हा दोघांना काट्यावर उभं करतात, काळजीपोटी म्हणे. आज माझ्या बरगडीखाली बोटं रुतवून दाबून पाहिलं आणि खूश झाले. निळ्या उंदरांना असंच दाबतात.

१५ जुलै
निळं झाकण. इतके दिवस मी काय झोपलो होतो? फाटकावर गेलो. रखवालदार म्हणाला, सरांच्या परवानगीशिवाय तुम्हा दोघांना बाहेर सोडायचं नाही.

२१ जुलै
माझं जेवण धाकटीला देतो, तिचं मी खातो. कारण सांगितलं नाही. ती हरखली, म्हणाली, दादा माझ्यासाठी किती करतो. लाज वाटते. पण कापायचं झालं तर चरबीचं यकृत कापतील. माझं नको.

१ ऑगस्ट
माझं वजन उतरलं. तिला जिना चढताना धाप लागते —

४ ऑगस्ट
सरांनी काटा दोनदा बघितला. धाकटीला गोड बोलून विचारलं. भाबडी ती, कौतुकाने सांगून बसली, दादा आपला डबा मला देतो. सर रागावले नाहीत. जराही —

संध्याकाळ
बाहेरून कडी घातलीय. भिंतीपलीकडून धाकटी हाका मारतेय, दादा, दादा — सूं सूं —
हाका थांबल्या.
माझ्या दाराखालून नळी आत येतेय. ओरडून सांगितलं, सर, आजपासून निळाच खातो, सगळा खातो, मी अजून बाद नाही, मी अजून उपयो—