दोघांपुरती आमटी

कोल्हापूर,
४ मार्च १९९९

प्रिय पवित्रा,

आधीच सांगते, घरी सगळे बरे आहेत. अक्षर वेडंवाकडं आलंय ते आनंदानं. तुझ्या भावाला, संगमेशला, स्कूटर काढायला लावलीय. हे पत्र घेऊन तुझ्याकडं हातकणंगल्याला तो तासाभरात पोचेल, पण मला तेवढाही धीर नाही.

सोमवारी होळीच्या पोळ्या झाल्या आणि कटाची आमटी पातेलंभर उरली. पहिल्या दिवशी तुझे अप्पा ती नुसती चाखायचे, त्यांची खरी होळी दुसऱ्या दिवशी. तू मंद आचेवर तापवायचीस, थेंबभर पाणी घालायची नाहीस, आणि शेवटी लोखंडी पळीत लसणाची फोडणी करून पळीसकट आत बुडवायचीस. जातीबाहेर धम्मपालशी लग्न करून तू गेलीस, तेव्हापासून त्यांनी शिळ्या आमटीला तोंड लावलं नाही, की तुझं नाव घेतलं नाही. उरलेली आमटी मी दरवर्षी शेजारच्या तानाबाईला देत आले.

यंदा मंगळवारी मात्र आपणहून म्हणाले, आमटी तापव. मी वाडगाभर काढून गॅसवर ठेवली, आणि घट्ट झाली म्हणून वर पाणी ओतलं. एक घास खाऊन त्यांनी ताट सरकवलं. म्हणाले, "पाणी घातलंस न्हवं? पवित्रा घालत न्हवती." चार वर्षांनी, पोरी! मी तोंडाला पदर लावून आत पळाले.

मागोमाग येऊन त्यांनी उरलेलं पातेलं स्वतः झाकलं आणि दम दिला, "ह्याला कुणी हात लावायचा न्हाय. दोघांपुरती हाय." कोण दोघं, हे विचारायची माझी छाती झाली नाही. पण काल संगमेशला हळूच विचारत होते, त्या पोराला तिखट सोसतं का.

आंबू नये म्हणून मी सकाळ-संध्याकाळ उकळी देतेय, आणि मी पाणी घालते की काय हे बघायला अप्पा शेजारी उभे. उन्हं वाढलीत, उद्यापर्यंत टिकेल, पुढचं सांगवत नाही. ते स्वतःच्या तोंडानं 'या' म्हणायचे नाहीत, आणि तुझ्यातही तोच ताठा आहे, म्हणून हे पत्र. उद्या दुपारी जेवायला दोघंही या. पळी मी घासून ठेवली आहे.

तुझीच,
अव्वा