आत आपला माणूस आहे

पेण, ८ जुलै २०२५

ती. सगुणाताईस जगनचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तू रडतेस, मी ओरडतो, म्हणून पत्र. हायकोर्टाचा निकाल लागला. शिक्षा कोर्ट देतं, तुरुंगाने पदरची भर घालायची नाही. माझ्या साईराजच्या हाताला सरकार जबाबदार, भरपाई द्या, आणि चौकशी करून दोषी कर्मचारी शोधा, असं न्यायमूर्ती म्हणाले. पोरगा मारामारीच्या केसमधून निर्दोष सुटला, पण उजव्या हाताची तीन बोटं गमावून आला. जखम साधीच होती, तुरुंगात डॉक्टर तेवढा मिळाला नाही.

आता कारखान्यात डाव्या हाताने गणपतीचे डोळे आखतो. मूर्ती जरा तिरक्या बघतात. राहू दे म्हटलं, सरळ बघून आपलं काय भलं झालं?

जखम चिघळली तेव्हा वकील अर्ज करू म्हणत होता. मीच नको म्हटलं. भावोजी त्याच तुरुंगात हवालदार, आत आपला माणूस आहे, त्यांची नोकरी कशाला धोक्यात घाला! वशिला असून बोटं गेलेला साईराजच पहिला असेल.

चौकशीत विचारलं तर भावोजींचं नाव सांगू का गो? लोभ आहे तो या प्रश्नानंतरही राहावा.

तुझा जगन

रोहा, १३ जुलै २०२५

चि. जगन यास अ. उ. आ.

नाव घेऊ नको. निवृत्ती तोंडावर आलीय, पेन्शन अडकेल. दिपिकाचं लग्न ठरतंय, मुलाकडचे मागे फिरतील. यांनी साहेबांना सांगितलं होतं रे. कैदी नाटकं करतात, असं साहेब म्हणाले, मग हे गप्प बसले. आवाज चढवायची सवय यांना फक्त घरात.

निकाल आल्यापासून भात नुसता चिवडतात, कुंडलिकेच्या काठाने फेऱ्या मारतात, हाक मारली की दचकतात. मी साईराजची आत्या आहे, विसरले नाय. पण नवरा की भाचा, असं मला विचारू नको. माया पातळ होऊ देऊ नको.

तुझी ताई

पेण, २० जुलै २०२५

ती. ताईस शि. सा. न.

शोधू नकोस, भावोजी इथे आहेत, म्हणून हे पत्र पोस्टाने नाही, माणसाहाती धाडतोय. तुला कोलाडला जातो सांगून काल सकाळी कारखान्यात आले. माझ्याकडे शिव्या तयार होत्या. साईराजने आधीच पाट दिला. भावोजींनी त्याचा हात मागितला, बराच वेळ धरून बसले. मग मला म्हणाले, वकील कुठे बसतो?

साहेबांचं बोलणं त्यांनी वकिलाला लिहून घ्यायला सांगितलं. त्यानंतर मी गप्प राहिलो, हेही लिहा म्हणाले. वकील म्हणाला, ते वगळा, अंगाशी येईल. ऐकलं नाही. नाव मला घ्यावंच लागलं नाही.

पेन्शनचं, दिपिकाचं काय होईल, देव जाणे. भावोजींना मात्र आता साहेबाची भीती नाही, तुझी आहे. उद्या घेऊन येतो. या खेपेला माझ्या वाटणीचा लोभही त्यांनाच दे.

तुझा जगन