जनकाची साक्ष

वसमत
१७ फेब्रुवारी २०२५

मुंजाभाऊ,

जनकाचा नमस्कार. मी इकडं ठीक आहे. तिकडं माय, सुभद्रावहिनी, तुझी मोहिनी, धाकटी लेकरं आणि मेंढरं खुशाल असतील असं समजते. इकडं हळदीचा हंगाम लागला. आम्ही बाया सकाळी आठला आडतीवर निवडायला बसतो. हात इतके पिवळे झालेत की साबणानं निघत नाही. आज मात्र मी कामाला गेले नाही.

फोन न करता कागद लिहिते, कारण फोनवर मी ओरडते आणि तू मधेच तोडून टाकतोस. मोहिनीला वाचायला लावू नको. सावकाश वाच, पण तुझा तू वाच.

काल चर्चची प्रार्थना सुटली तेव्हा तू आमच्या पत्र्याच्या खोलीबाहेर उभा होतास. साडेपाच वर्षांत पहिल्यांदा. मला वाटलं माय गेली. "माय बरी हाय ना?" मी विचारलं. तू म्हणालास, "हाय. तुझ्यासाठी झुरून राहिली." मी अजून डोळे पुसते आहे तोवर तू विचारलंस, "कोर्टाची तारीख कवा हाय?"

"सहा मार्चला."

"जनके, तुमचा देव माफ करा म्हणतो ना? मंग कर माफ. काका म्हातारा झाला. त्या जाणत्याच्या घरीबी लेकरंबाळं हायत. कोर्टात म्हण, मला काही आठवत न्हाई. मंग घरी ये. माय तुला पोटाशी धरील."

मी हातातली सतरंजी घडी करत राहिले. तुला वाटलं असेल ऐकलं हिनं. मी ऐकलं नाही, भाऊ. माझी जीभच उचलली नाही, इतका राग आला होता मला.

माझ्या देवाचं नाव तू कोणत्या तोंडानं घेतलंस? तूच कळमनुरीच्या बाजारात सांगून राहिला ना, की जनकाला गहू-तांदूळ देऊन बाटवलं? काल त्याच देवाला तू मधे घातलंस, काकाला सोडवायला!

मला कोणी काय दिलं ते ऐक आता.

मालक गेल्यावर मी तुझ्या घरी आले. तीन वर्षं तुझी मेंढरं राखली. वहिनीची दोन बाळंतपणं केली. त्या श्रावणात मेंढरं पटापट पडायला लागली. जनावरांचा डॉक्टर म्हणाला, लस राहिली म्हणून झालं. लस कोणी टाळली ते तुला माहीत आहे. पण काकानं करणी बघणारा जाणता आणला, आणि त्यानं तांदळाचे दाणे टाकून सांगितलं की भानामती घरातूनच होते, करणारी बाई विधवा आहे. घरात विधवा दोन होत्या, माय आणि मी. मायला कोण बोट लावणार होतं?

त्या दिवसापासून मला कोणी नावानं हाक मारली नाही. 'ती' झाले मी. ती हिकडं आली, ती तिकडं गेली. तिच्या हातचं पाणी नको. मोहिनी मला बिलगायची, तर वहिनी तिला ओढून न्यायची.

मंग पोळ्याची अमावस्या. दिवसाढवळ्या, पारासमोर. त्या दिवशी तू कुठं होतास ते मी बाजूला ठेवते. निंबाच्या ओल्या फोकांनी मारलं. चपला भिजवलेलं पाणी पाजलं. कपाळावरचे केस कात्रीनं कापले, कातडीसकट. म्हणायला लावलं, "मीच केलं, मीच खाल्ली मेंढरं." अर्धं गाव बघून राहिलं होतं. शेवटी बकऱ्या न्यायला आलेला अमरसिंग टेंपोवाला गर्दीत घुसला, "अरे, मरेल ती बाई!" म्हणून ओरडला आणि मला उचलून बकऱ्यांमधेच घालून हिंगोलीच्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेला. आपल्या जातीचा ना पातीचा माणूस.

तिथं शेजारच्या खाटेवर नीलाबाईंची सून होती, पोट फाडून बाळंत झालेली. नीलाबाई वसमतच्या, कपडे शिवतात. वॉर्डातल्या सगळ्या बाया माझ्या डोक्याकडं बघून कुजबुजत होत्या. नीलाबाई उठून आल्या आणि विचारलं, "बाई, नाव काय तुझं?"

भाऊ, मला सांगताच येईना. मंग मी म्हणाले, "जनका." त्या म्हणाल्या, "जनका, चहा घेते का?"

हे दिलं मला त्यांनी. गहू नाही, तांदूळ नाही. माझं नाव.

मी त्यांच्याबरोबर वसमतला आले, कारण मला न्यायला दुसरं कोणी आलंच नव्हतं. सहा महिने त्यांनी मला चर्चला चल म्हणून एकदा पण म्हटलं नाही. मीच गेले एका रविवारी, घरात एकटीला भीती वाटायची म्हणून. भिंतीवर क्रुसावरच्या येशूचं चित्र होतं. मी नीलाबाईंना विचारलं, "याला काहून असं टांगलं?" त्या म्हणाल्या, "गर्दीनं धरलं, मारलं, थुंकले त्याच्यावर. त्याचे सोबतीबी पळून गेले."

मी तिथंच चित्रासमोर बसले. आपल्या गावात पारावरचा देव होता ना, मारुती, समोरच होता. मला वाटायचं तो पण त्यांच्याच बाजूनं बघून राहिला होता. आणि हा एक देव, जो मारणाऱ्यांमधे नव्हता, मार खाणाऱ्याच्या जागेवर होता. मी त्याच्यासमोर रडले नाही, भांडले. "त्या दिवशी कुठं होतास?" म्हणून रोज भांडले. वर्षभर. एक दिवस भांडता भांडता मला वाटलं, मी ज्याच्याशी इतकं भांडते तो तिथंच बसून ऐकून राहिला आहे. उठून गेला नाही. बस, इतकंच झालं. तुला मोठा चमत्कार पाहिजे असेल तर माझ्याजवळ नाही.

कालव्यात बाप्तिस्मा झाला तेव्हा पास्टर प्रेमानंद म्हणाले, नवीन नाव घ्यायचं तर घ्या ताई, रूथ म्हणा, मरियम म्हणा. मी म्हणाले, नाही. माझं नाव मला आत्ताच परत मिळालं आहे, ते मी कोणाला देणार नाही. पाण्यातून वर आले तेव्हा ते मोठ्यानं म्हणाले, "जनका!" काठावरच्या पंधरा माणसांनी ऐकलं. मी त्यांच्यासमोर बाई म्हणून उभी होते, भानामती करणारी म्हणून नाही.

माफीचं पण सांगते, म्हणजे तुला वाटायला नको की मला सगळं गोड झालं. एकदा बाहेरचे पाहुणे आले होते. त्यांच्यातल्या एकानं माझ्या हातात माईक दिला आणि म्हणाला, "बहीण, सांगा की तुम्ही सगळ्यांना माफ केलं." मी माईक खाली ठेवला आणि बाहेर निघून गेले. पास्टर मागून आले. मला वाटलं रागावतील. ते म्हणाले, "ताई, चुकलं आमचं. खोटी माफी देवाला नको." तेव्हा माझा देव काय म्हणतो ते मला तू शिकवू नको. तो मला 'आठवत न्हाई' म्हणायला सांगत नाही.

आता बाजूला ठेवलेलं लिहिते. दोनदा कागद फाडला.

पारासमोर माझा डावा हात काकानं धरला होता. पोलिसांनी विचारलं, उजवा कोणी धरला? मी म्हणाले, गर्दी होती, दिसलं नाही. जाणता, काका आणि गावातली दोन पोरं, अशी चार नावं मी सांगितली. पाचवं गिळलं.

उजवा हात तू धरला होतास, भाऊ.

मी तुझ्याकडं बघून म्हटलं होतं, "मुंजाभाऊ, सोड ना." तू दुसरीकडं तोंड केलंस आणि आणखी आवळून धरलंस. मालक गेले तेव्हा स्मशानापासून घरापर्यंत तू माझा तोच हात धरून मला आणलं होतंस. साडेपाच वर्षं मी हे नीलाबाईंना पण सांगितलं नव्हतं. लोकांसमोर मी म्हणायची, माझा भाऊ भोळा आहे, त्याला काकानं घाबरवलं. तुझी अब्रू मी इतकी वर्षं झाकली, आणि तू काल येऊन काकासाठी माफी मागितलीस. स्वतःसाठी एक शब्द नाही!

सहा मार्चला मला विचारलं तर मी खोटं बोलणार नाही. सरकारी वकील बाईंना मी आज फोन करून सांगितलं आहे. तुला आधी कळावं म्हणून लिहिते, धमकी म्हणून नाही. अजून सतरा दिवस आहेत. तू स्वतः पुढं येऊन सांगितलंस तर मी तुझ्या शेजारी उभी राहीन.

आणि मोहिनी वाचत असेल तर वाचू दे. मोठी झाली ती. तिच्या आत्यानं मेंढरं खाल्ली नव्हती, हे तिला कोणीतरी सांगायला पाहिजे.

मायच्या पायाला हात लावून सांग, जनका जिवंत आहे.

जनका


वसमत
९ मार्च २०२५

मुंजाभाऊ,

नमस्कार. माय माझ्याकडं आहे, काळजी करू नको. तिच्या गोळ्या घेतल्या आहेत. काल दोन भाकरी खाल्ल्या.

तू कोर्टात आला नाहीस. मी हिंगोलीच्या स्टँडवर सकाळी तीन बस येईपर्यंत उभी राहिले. नीलाबाई म्हणाल्या, चल आता, पुकारा होईल.

काय झालं ते तुला काका त्याच्या मनासारखं सांगेल, म्हणून माझ्याकडून ऐक. त्यांच्या वकिलानं पहिलाच प्रश्न विचारला, "तुम्ही धर्म बदलला. आता तुमचं नाव काय?" मी म्हणाले, "जनका. आधीबी तेच व्हतं." तो म्हणाला, "ही साक्ष तुम्हाला चर्चच्या लोकांनी शिकवली?" मी डोक्यावरचा पदर मागं सारला. कपाळावर जिथं केस परत आले नाहीत ती जागा जजसाहेबांना दाखवली. म्हणाले, "हे कोणी शिकवलं ते विचारा, साहेब."

मंग सरकारी वकील बाईंनी परत उठून विचारलं, उजवा हात कोणी धरला होता. मी तुझं नाव घेतलं. मुंजाजी, माझा सख्खा भाऊ. त्यांचा वकील ओरडला, "इतकी वर्षं का लपवलं?"

"भाऊ व्हता म्हणून," मी म्हणाले. साहेबांनी लिहून घेतलं. मला वाटलं होतं तुझं नाव घेतल्यावर मोकळं वाटेल. नाही वाटलं. तरी परत विचारलं तर परत तेच सांगीन.

बाहेर आले तर पायऱ्यांवर माय बसली होती. एकटी. कोणाला न सांगता कळमनुरीहून बस धरून आली होती. तुला लिहिलेला माझा कागद तिला मोहिनीनं वाचून दाखवला म्हणे. मला बघून उठली, पण माझ्याजवळ आली नाही. आधी वकील बाईंकडं गेली आणि म्हणाली, "बाई, मी त्या दिवशी दारात उभी व्हते. तोंडात पदर कोंबून उभी व्हते. मला समदं दिसलं. माझंबी लिहून घ्या."

वकील बाई म्हणाल्या, "आजी, त्यात तुमच्या मुलाचं नाव येईल."

"माहीत हाय," माय म्हणाली. "लेकबी माझीच व्हती ना."

तिची साक्ष घ्यायची की नाही ते कोर्ट ठरवील. मी तिच्यावर पण रागावलेली होते, भाऊ, तुला सांगते. दारातून ती हलली नव्हती हे मी विसरले नव्हते. पण तिनं माझ्या कपाळावरच्या त्या जागेवर हात ठेवला आणि माझ्या तोंडातून नुसतं "माय गं" निघालं. दुसरं काही निघालंच नाही.

आज रविवार. माय आमच्या प्रार्थनेला आली. आत बसली नाही. "तुझा देव तुझ्यापाशी, माझा बिरोबा माझ्यापाशी," म्हणाली आणि दारात चप्पल सांभाळत बसली. गाणं सुरू झालं तशी टाळ्या मात्र वाजवून राहिली होती. पास्टर प्रेमानंदांनी प्रार्थनेत सगळ्यांची नावं घेतली. तुझं पण घेतलं. मी सांगितलं नव्हतं, मायनं सांगितलं. मला ते आवडलं नाही. पण मी आमेन म्हटलं.

तू म्हणालास ना, कर माफ? मी रोज देवाजवळ तेच मागून राहिले, माझ्याच्यानं अजून होत नाही. ज्या दिवशी होईल त्या दिवशी मीच कळमनुरीची बस धरीन आणि तुझ्या दारात येऊन सांगीन. केस मागं घेऊन नाही, खटला चालू असतानाच सांगीन. त्याच्या आधी तुला यायचं असेल तर ये. काकाचा निरोप घेऊन येऊ नको. त्या दिवशी तू काय केलंस, ते तुझ्या तोंडानं सांगायला ये. मी ओरडेन, पण दार लावणार नाही.

तुझ्यावर रागावलेली, आणि तरी तुझीच बहीण,
जनका