आभाळातलं पांघरूण आणि एक हरवलेली सुई

मी, खाली सही करणारी, पंचाहत्तरी ओलांडलेली, धंदा शिवणकाम (उपग्रहांचं), आज दोन कप चहा पिऊन, ठणठणीत शुद्धीत आणि कुणीही भरीस न घालता हे मृत्युपत्र लिहून ठेवते. मरायची घाई मुळीच नाही. पण माझ्या मागे माझ्या कात्रीवरून तंटे नकोत.

"उपग्रहांचं शिवणकाम म्हणजे हो काय?" असं वकीलबाईंनी विचारलं, म्हणून नमूद करते. वर उपग्रहाच्या एका अंगाला भाजणारं ऊन आणि दुसऱ्या अंगाला हाडं गोठवणारी थंडी असते. म्हणून त्याला सोनेरी, चकचकीत पापुद्र्यांचं पांघरूण लागतं. ते बेतायचं, कापायचं आणि शिवायचं, हे काम मी नोकरीभर केलं. डोक्याला टोपी, तोंडाला पट्टी, बुटांवर पिशव्या. सासूबाई समोर आल्या असत्या तरी त्यांनी मला ओळखलं नसतं. काय सुखाची नोकरी होती!

कलम १. माझं राहतं घर, गच्चीच्या हक्कासह, आणि बँकेतली ठेव माझ्या लेकीला मिळावी. ठेवीतून तिने हिंडावं, फिरावं. नवा फ्रीज घेतल्यास माझा आत्मा त्याच्या दारात उभा राहील.

कलम २. शिवणयंत्र आणि मोठी कात्री माझ्या भाचीला. तिचा हात माझ्यासारखाच सरळ चालतो. जावईबापूंनी सदर कात्रीने एकदा पुठ्ठा कापला होता. पुठ्ठा! जावई म्हणून त्यांचा मान आहेच, पण कात्रीला हात लावण्यास त्यांना तहहयात मनाई आहे.

कलम ३. माझा शेवटचा उपग्रह आता निकामी झाला आहे, तरी फिरतो आहे. तो कार्यालयाची मिळकत आहे हे मला मान्य, पण त्यावरचे टाके माझे आहेत. सूर्य मावळल्यावर कधीकधी तो आमच्या गच्चीवरून सरकत जातो. तो बघण्याचा हक्क मी नातीला देते. एक दिवस तो खाली येताना जळून जाईल. तेव्हा रडू नये. टाळ्या वाजवाव्यात. एवढं टिकलेलं शिवणकाम खानदानात दुसऱ्या कुणाचं आहे?

कलम ४. आता सुई.

आमच्याकडे रिवाज असा, की काम संपलं की प्रत्येक सुई उशीत परत टोचायची आणि तपासनीसांनी ती मोजून घ्यायची. उपग्रहात सुई राहिली तर सगळ्याचा सत्यानाश. याच उपग्रहाच्या वेळी एक सुई कमी भरली. काम थांबलं. मी हाताने शिवलेलं पांघरूण मलाच उसवावं लागलं. सगळे माझ्याकडे अशा नजरेने बघत होते, जणू मी सुई गिळली आहे.

मग मला टिक टिक ऐकू आलं. तपासनीस चालले की टिक, थांबले की गप्प.

"काय हो साहेब, हा आवाज कसला?"

"गुडघे असतील, बाई. वय झालं."

गुडघे कसले! टोक तपासायला त्यांनीच घेतलेली सुई त्यांच्याच बुटावरच्या पिशवीत पडली होती. मी स्वतः काढली. आणि अहवालात त्यांनी लिहिलं काय? "सुई आढळली." कुठे, ते नाही. कुणाकडे, ते नाही. पुढे मी निवृत्त होईपर्यंत आमच्या विभागाला सगळ्यांनी 'सुईवाल्या' म्हणून चिडवलं.

हे गृहस्थ आता खालच्या मजल्यावर राहतात. रोज संध्याकाळी माझा चहा पितात, माझ्या गच्चीवरून माझाच उपग्रह बघतात, आणि विचारलं की म्हणतात, "बाई, सुई आढळली होती, एवढं खरं." माणूस लाखात एक, पण वाकेल तर शपथ! मी जन्मभर उपग्रहांवर पांघरूण घातलं, यांच्या चुकीवर घालणार नाही. निवृत्तीच्या वेळी मागून घेतलेली ती सुई मी त्यांना देते. अट एकच. ती कुठे सापडली ते त्यांनी चार माणसांत सांगावं. मला हे मरण्याआधी ऐकायचं आहे.

ताजा कलम (हाताने). साक्षीदार म्हणून तपासनीसांनाच बोलावलं होतं. वकीलबाई म्हणाल्या, "ज्यांना मृत्युपत्रातून काही मिळतं, त्यांनी साक्षीदार होऊ नये. सही केलीत तर सुई गेली." तपासनीसांनी वर काढलेलं पेन पुन्हा खिशात ठेवलं. कलम ४ परत वाचलं. कान लाल झाले.

"मग मी साक्षीदार नाही," ते म्हणाले. "मला सुई पाहिजे."

"आणि अट?" मी विचारलं.

लेक, भाची, वकीलबाई आणि जावई, चौघांकडे बघून ते म्हणाले, "माझ्या बुटावरच्या पिशवीत होती. माझ्याच. बाईंची काही चूक नव्हती."

मी हसत सुटले, आणि डोळेही पुसले. एवढं ऐकल्यावर मरेपर्यंत कोण थांबतंय? उठले, सुई आणली आणि तिथल्या तिथे त्यांच्या कॉलरला टोचली. सबब कलम ४ रद्द. आता त्यांना माझ्याकडून काही येणं नाही, तेव्हा साक्षीदार व्हायला हरकत नाही, असं वकीलबाईंचं मत पडलं.

ठिकाण : राहतं घर, गच्चीखालचा मजला
तारीख : वकीलबाईंच्या शिक्क्यात आहे ती

सही : उपग्रहांची शिंपीण

साक्षीदार १ : समोरच्या दारातल्या दातांच्या डॉक्टरीणबाई
साक्षीदार २ : निवृत्त तपासनीस, खालचा मजला. (सुई मिळाली. माझ्या बुटावरच्या पिशवीत आढळली होती.)