गॅलरीतून दिसलेलं दिवाळे

रविवार, २२ जानेवारी १९८४

आज आम्ही दोघं बेलापूरचा नवा फ्लॅट बघून आलो. इतकी शांतता, की आपलाच आवाज मोठा वाटावा. जन्म चाळीत गेलेला, मला इथे करमेल का? ठरेना. हे भिंती ठोकून बघत बसले, म्हणून मी एकटीच शेजारच्या दिवाळे गावातल्या कोळीवाड्याकडे चालत गेले.

तिथे बोंबील वाळत घालणाऱ्या एका बाईने विचारलं, "कोनाकडं आलाव?" मी त्या नव्या बिल्डिंगकडे बोट दाखवलं.

"तिथं आमची भातशेती व्हती," ती म्हणाली. "आता आत काय हाय, कदी बघितलं नाय."

"चला, दाखवते," मी बोलून गेले. पण रिकाम्या खोल्यांत दाखवणार तरी काय होते?

हिरूबाई तिचं नाव. तिसऱ्या मजल्यावर पोचल्यावर तिने खोल्यांकडे बघितलंही नाही, सरळ गॅलरीत गेली. समोर खाडी, होड्या, तिच्या गावाची कौलं. कठड्यावरून वाकून म्हणाली, "आमचा गाव वरनं असा दिसतो व्हय."

त्या आवाजात राग होता का? की नुसतं नवल? घरी येईपर्यंत तोच विचार करत होते.

फ्लॅटमध्ये तिला द्यायला साधं पाणीही नव्हतं, हे ओशाळले. ती हसली. जाताना मला म्हणाली, "इथं ऱ्हावाला आलीस का सांग. मी परत बघाला येन."

मी मान डोलावली.

परतताना ह्यांनी विचारलं, "मग, घ्यायचा का?"

म्हटलं, "तिला हो म्हणून बसलेय."