अब्बा जेवाया गेल्यात

यवत
मंगळवार, दुपार

प्रिय सत्यजीत,

'प्रिय' वाचून दचकू नकोस. आधी नुसतं 'सत्यजीत' लिहिलं होतं, ते वीजबिलावरच्या नावासारखं दिसायला लागलं, म्हणून कागद बदलला. बारा वर्षांत मी तुला एकच मेसेज केला, तोही परवा, आणि त्यात विचारलं काय, तर फ्लॅश या जुन्या प्रोग्रामची फाईल हल्लीच्या मोबाइलवर चालेल का. तुझं उत्तर लगेच आलं. आता कुठल्याच मोबाइलला त्याची गरज उरलेली नाही, आमच्या कंपनीनंही ते काढून टाकलं, फाईल पाठव, नव्या पद्धतीत करून देतो. उत्तर चोख होतं. पण गरज उरलेली नाही हे तू पुण्यात बसून लिहिलंस, म्हणून यवतमध्ये ती कोणाला आहे हे सांगायला बसले आहे.

आमच्या अझरने कॉलेजात असताना अब्बांच्या दुकानाची वेबसाइट केली होती, ती तुला आठवत असेलच, तुम्ही दोघांनी मिळूनच केली होती. ट्रॅक्टरच्या सीटा शिवणाऱ्या माणसाला वेबसाइट कशाला, असं अब्बा कुरकुरत राहिले आणि काउंटरवर टॅब ठेवून प्रत्येक गिऱ्हाइकाला ती दाखवतही राहिले. त्यातला टोपीवाला बाहुला बोट लावलं की घड्याळ बघून बोलायचा. एरवी नुसतं "या, बसा". दुपारी एक ते तीन मात्र, "बसा मामा, अब्बा जेवाया गेल्यात, तीनला येत्याल." रोज्यांतही तो हेच सांगायचा आणि लोक हसायचे, म्हणून अब्बा महिनाभर त्याच्यावर रुमाल टाकून ठेवायचे.

मग हायवेवर अपघातात अझर गेला. तेव्हापासून आमच्या घरात तो बाहुला म्हणजेच अझर, आवाज त्याचाच असं आम्ही सगळे मानत आलो. मोबाइल दुरुस्ती मी पोटासाठी शिकले असं सगळ्यांना सांगते. खरं तर तो टॅब जिवंत ठेवायला शिकले. दोनदा बॅटरी बदलली. नेटला तो जोडत नाही, कसलं अपडेट होऊ देत नाही. गेल्या वर्षी बकरी ईदनंतर आठच दिवसांनी अब्बाही गेले. आता दुकानाच्या अर्ध्या भागात त्यांचं शिलाई मशीन झाकलेलं आहे आणि अर्ध्यात मी बसते. आणि रोज दुपारी एक वाजला की बाहुला सांगतो, अब्बा जेवाया गेल्यात.

त्याला कोणी हात लावायची गरज नसते. काच तापली की जुनी स्क्रीन आपोआप टच घेते. आमच्या धंद्यात याला घोस्ट टच म्हणतात, आठवड्याला असे दोनतीन फोन येतातच, तेव्हा घाबरण्यासारखं त्यात काही नाही. तरी भर उन्हात, रस्त्यावर चिटपाखरू नसताना, पाठीमागून तो चिरका आवाज आला की माझ्या अंगावर काटा येतो. मध्यंतरी तुमच्या न्हावऱ्याचे संपतआप्पा फाटकी सीट घेऊन आले. ते अब्बांच्या मय्यतीला होते, खांदा दिलेला माणूस. पण बाहुला बोलला तसे ते बाकावर टेकले आणि तीन वाजेपर्यंत हलले नाहीत. कोणाची वाट बघताय असं विचारलं, तर म्हणाले, "पोरगं म्हंतंय येत्याल, मग उठावं कसं?" जाताना सीट तशीच ठेवून गेले.

आप्पा उठून गेले तरी. अम्मी उठत नाही. दुकान आणि घराच्या मध्ये नुसता पडदा आहे, तिला सगळं ऐकू जातं. अब्बा जेवायला निघाले म्हटल्यावर ती ताट वाढते, झाकते आणि समोर बसते. अब्बांच्या आधी ती कधी जेवलेली नाही. तीन वाजतात, बाहुला पुन्हा "या, बसा" म्हणायला लागतो. तिच्या लेखी अब्बा उपाशीच कामाला लागले. मग तिच्याही घशाखाली काही उतरत नाही. गेल्या चार महिन्यांत अकरा किलो वजन गेलं. डॉक्टर म्हणतात, आजार काही नाही, खाऊ घाला. बरं, तिला विसर पडलाय म्हणावं तर तसंही नाही. मय्यत, दफन, कोण कोण आलं होतं, सगळं बिनचूक सांगते. फार छेडलं तर म्हणते, "अझर कभी झूठ बोल्या क्या?"

एकदा मी टॅब बंद करून पाहिला. ती दुपारभर दुकानात उभी राहून अझर कुठं गेला विचारत राहिली, शेवटी मीच तो सुरू केला. एकदा ताटातलं गुपचूप मी खाल्लं. तिने माझी बोटं हुंगली आणि तेव्हापासून ती ताटासमोरून हलत नाही. मग एका गुरुवारी नळाला पाणी आलं म्हणून ती उठली आणि परत येऊन बघते तर ताट रिकामं. मी गिऱ्हाइकापुढे बसलेली होते. मांजर असणार, असं मी अजूनही म्हणते, फक्त झाकण पुन्हा ठेवून जाणारं मांजर मी पाहिलेलं नाही. अम्मी एवढंच म्हणाली की जेवून गेले, आणि बसून तीन भाकरी खाल्ल्या. मी भ्यालेही होते आणि मनातल्या मनात अल्लाहचे आभारही मानत होते. शुक्रवारपासून पुन्हा ताट भरलेलं.

काल तुला फाईल पाठवायची म्हणून ती कॉम्प्युटरवर उघडली. आवाज बाहुल्यासारखा चिरका यावा म्हणून तुम्ही तो पळवला होता ना? वाटलं, मूळ वेगात एकदा तरी भावाला ऐकावं. हेडफोन लावून वेग कमी केला. "जेवाया गेल्यात." अझर आयुष्यात कधी 'जेवाया' म्हणाला नाही, सत्यजीत. तो मराठीतही 'खान्याला' म्हणायचा आणि त्यावरून तू त्याला चिडवायचास. तुझा हा आवाज मी बारा वर्षं विसरायला बघते आहे, त्यामुळे ओळखायला काही वेळ लागला नाही. अझर गेल्यानंतरच्या चाळिसाव्याला अम्मीने टॅब छातीशी धरला आणि तू पाणीही न पिता निघून गेलास. मी समजत होते की माझ्यामुळे गेलास, आपल्या दोघांचं घरी कळेल या भीतीने. आता कळतं, अम्मी तुझाच आवाज कवटाळून बसलेली तुला बघवली नाही. रडून झाल्यावर मला बरंच वाटलं. जिच्या पोटात अन्न जात नाही ती ज्याच्या शब्दावर बसली आहे, तो माणूस निदान जिवंत आहे.

तेव्हा फाईल नव्या पद्धतीत करू नकोस. मला तुझ्याकडून एकच वाक्य हवं आहे. फोनवर बोलून पाठव, नाहीतर ये आणि माझ्यासमोर बोल. तू आलास तर मला जास्त आवडेल. ते पळवून चिरकं करणं, दुपारच्या वाक्याच्या जागी बसवणं, मी करीन. उशीर मात्र करू नकोस, ती रोज थोडी कमी होते आहे. वाक्य असं, "अम्मी, अब्बा जेवल्यात. आता तू जेव." आणि न्हावऱ्याला बोलतोस तसंच बोल. पुण्यातलं बोललास तर हा आपला अझर नव्हे, असं ती म्हणेल.

तुझीच,
निखत